पेठेतला रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचाय? सांगलीत सुरुवात कुठून करायची

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला आईला घेऊन मारुती रोडवरून चालून बघा. एका हातात तिचा दंड, दुसऱ्या हातात पिशव्या. मागून हॉर्न वाजतो आणि आवाज येतो, "ओ मावशी, बाजूला सरा की!" सरायचं कुठं? कडेला दुचाक्यांची रांग, रांगेपुढं पणत्यांची हातगाडी, हातगाडीपुढं गिऱ्हाईक, आणि उरलेल्या पट्टीत आपण, एक रिक्षा आणि तो हॉर्नवाला. अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, "हा रस्ता सरळ गाड्यांना बंद करायला पाहिजे." तुळशीचं लग्न लागेपर्यंत सगळे ते विसरतातही. ज्यांच्या डोक्यातून ते जात नाही, पण नेमकं कोणाला भेटायचं, काय मोजायचं, कुठला अर्ज करायचा हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रस्ता चोवीस तास, बारा महिने बंद करायचा हट्ट सुरुवातीलाच सोडा. आपल्या जुन्या पेठांतल्या बहुतेक दुकानांना मागचं दार नाही. गिऱ्हाईक पुढून येतं, माल पुढून येतो, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाडही पुढूनच चढतं-उतरतं. त्यामुळं शेताच्या पाण्याची जशी पाळी असते तशी रस्त्याची पाळी लावायची. सकाळ टेम्पोची आणि हमालांची, संध्याकाळ चालणाऱ्यांची. कोणाची पाळी किती वाजता संपते यावर एकमत झालं की निम्मं काम झालं म्हणून समजा. ते न करता नुसती बॅरिकेडं लावली तर पंधरा दिवसांत ती कुठल्यातरी भिंतीला टेकलेली दिसतात आणि त्यांच्यावर टॉवेल वाळत असतात.

पहिलं काम : रस्ता नीट निवडा

सगळ्यात गर्दीचा रस्ता हाच सगळ्यात योग्य, असं नसतं. पहिल्या प्रयोगाला दोनशे ते तीनशे मीटरचा तुकडा पुरे, म्हणजे रमतगमत चार-पाच मिनिटांचं अंतर. त्याला समांतर दुसरा रस्ता हवा, नाहीतर वळवलेली वाहतूक जाणार कुठं? मध्ये मोठा दवाखाना असेल, एसटी किंवा सिटी बसचा मार्ग असेल, तर तो तुकडा सोडून द्या.

दुकानं कसली आहेत ते बघा. कापड, भांडी, चपला, कटलरी, मिठाई, भडंग, पुस्तकं असा किरकोळ माल गिऱ्हाईक हातात घेऊन जातं. असा रस्ता चालतो. गणपती पेठेसारख्या घाऊक व्यापाराच्या पेठेत दिवसभर पोती चढतात-उतरतात. तिथं पहिला प्रयोग करू नका. तिथल्या हमालांच्या पोटावर पाय येईल आणि पहिल्याच दिवशी भांडण होईल.

मग टेप घेऊन रुंदी मोजा. नकाशावरची रुंदी धरू नका, पायरी ते पायरी मोजा. दर पन्नास पावलांवर मोजलंत तर कळेल की एकच रस्ता कुठं फुगतो आणि कुठं आवळतो. गटाराची झाकणं, विजेचे खांब, महावितरणच्या डीपी, झाडं, देवळाचा कट्टा, सगळं एका कागदावर हातानं काढा. वास्तुविशारदाचा नकाशा नको. शाळेतल्या चौकटीच्या वहीचं पान पुरतं. त्या कागदावर रस्त्याला येऊन मिळणारे बोळ अगदी न चुकता दाखवा. त्याचं कारण पुढं येईल.

एक चौकशी याच टप्प्यावर करून टाका : रस्ता महापालिकेचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? शहरातले काही मुख्य रस्ते बांधकाम विभागाकडं असतात, आणि अर्ज चुकीच्या दारात पडला की तो "संबंधित विभागाकडे वर्ग" होत दोन-तीन महिने फिरत राहतो.

दुसरं काम : मोजणी

हे काम कंटाळवाणं आहे आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत तेच तुम्हाला तारतं. मोजणी हातात नसेल तर तुमचं मत आणि समोरच्याचं मत, दोन्ही सारख्याच वजनाची.

तीन दिवस निवडा : एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस, एक रविवार. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर तासातली पंधरा मिनिटं मोजायची आणि चारनं गुणायचं. एकानं फक्त माणसं मोजायची, दुसऱ्यानं वाहनं. एकच माणूस दोन्ही मोजायला बसला की दोन्ही चुकतात. कागदावर उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा हे बरं, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही. रकाने असे करा : पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, चारचाकी, छोटा हत्ती आणि टेम्पो, हातगाडी. पायी चालणाऱ्यांत लहान मूल कडेवर घेतलेल्या बायका आणि काठी टेकत चालणारे यांची वेगळी खूण करा. हा आकडा बैठकीत कोणी खोडून काढत नाही.

आता खरी मेख. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांपैकी किती गाड्या त्या रस्त्यासाठी आलेल्या असतात, आणि किती नुसत्या आरपार जातात? हे काढायची जुनी युक्ती आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जण बसवा. दोघांनी घड्याळ जुळवून अर्धा तास प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. नंतर दोन याद्या शेजारी ठेवा. जी गाडी एका टोकाला आत शिरली आणि तीनेक मिनिटांत दुसऱ्या टोकाला बाहेर पडली, ती पेठेची गिऱ्हाईक नव्हेच. तिला वळवलं तर एकाही दुकानदाराचं नुकसान होत नाही. हे वाक्य कागदावर आकड्यासकट लिहिता आलं की पुढचं बोलणं वेगळं होतं.

तिसरी मोजणी उभ्या गाड्यांची. दर अर्ध्या तासानं रस्त्याची एक फेरी मारून कुठल्या दुकानासमोर कुठली गाडी उभी आहे ते लिहा. दहा फुटी गाळ्यासमोर दुचाक्या शेजारी-शेजारी लावल्या तर चार बसतात, खेटून लावल्या तर पाच. त्यातल्या सकाळपासून रात्रीपर्यंत न हललेल्या किती, ते बघा.

मी ही मोजणी करताना एका कापड दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मालक तात्या वयानं सत्तरीचे, गादीवरून उठून बाहेर आले आणि म्हणाले, "तुमचं ते सगळं ठीक आहे, पण गिऱ्हाइकाला गाडी दारात लावता आली नाही तर ते विश्रामबागला जाईल." मी वाद घातला नाही. दारातल्या चार गाड्या कोणाच्या, एवढंच विचारलं. तात्यांनी चष्मा वर केला. "ही ॲक्टिव्हा माझी. ती पोराची. या दोन आपल्या कामगारांच्या." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाइकाला जागा आम्हीच ठेवली नाही म्हणा की." त्या दिवशी ते आमच्या बाजूनं झाले असं नाही. पण पुढच्या बैठकीला स्वतःच्या पायानं आले.

तिसरं काम : माणसांना भेटा, एकेकट्याला

सगळ्या दुकानदारांची एकदम सभा बोलावू नका. सभेत मोठ्या आवाजाचे दोघं बोलतात आणि बाकीचे त्यांच्या मागं माना डोलावतात. दुपारी दोन ते चार दुकानं सुस्त असतात, तेव्हा जा. चहा सांगतील, तो घ्या. आधी त्यांचा माल कधी येतो ते विचारा. कुठल्या ट्रान्सपोर्टचा टेम्पो, किती वाजता, किती वेळ थांबतो, गठ्ठे कोण उतरवतं? याची वही करा. पंधरा-वीस दुकानं झाली की चित्र दिसायला लागतं. बहुतेकांचा माल सकाळी उतरवता येतो. ज्यांचा येत नाही अशी थोडी दुकानं उरतात, आणि त्यांच्यासाठी हातगाडीची सोय करावी लागते. टेम्पो कडेच्या चौकात थांबणार, तिथून हमाल ढकलगाडीनं आणणार. या वाढीव फेरीची हमाली कोण देणार हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तुमच्याकडं आधीच तयार पाहिजे. नसेल तर "विचार करून सांगतो" असं सरळ म्हणा. आश्वासन देऊन मोकळं होऊ नका.

दुकानदारांच्या आधी खरं तर हमाल आणि टेम्पोवाल्यांना भेटावं असं आता मला वाटतं. रस्ता कुठं तुंबतो, कुठल्या वेळी कुठला ट्रक मागं घेता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पण त्यांना कोणी बैठकीला बोलवत नाही.

वर राहणाऱ्या कुटुंबांना विसरू नका. आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी दाराशी येईल का, शाळेची व्हॅन कुठं थांबेल, गॅसचं सिलिंडर कसं येईल, असे त्यांचे प्रश्न असतात आणि ते रास्त आहेत. रहिवाशांना पास आणि ॲम्ब्युलन्सला कायम वाट, हे पहिल्या कागदापासून लिहून ठेवा.

फेरीवाल्यांविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथंच घसरते. रस्ता "सुंदर" करायचा म्हणजे आधी गाडेवाले हटवायचे, असा पुष्कळांचा समज असतो. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार शहर फेरीवाला समिती असते, तीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. कोणाला जागेवरून हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे त्यांना वगळून केलेला आराखडा कायद्यात टिकत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गाड्या गेल्यावर रस्त्यावर थांबायला माणसाला कारण लागतं. फुलवाली, मक्याचं कणीस, बांगड्यांचं टोपलं हीच ती कारणं. त्यांच्या जागा खडूनं आखा, दुकानाच्या दारासमोर नको, दोन गाळ्यांच्या मधल्या भिंतीसमोर द्या. आखलेल्या चौकोनाबाहेर कोणी गेलं तर शेजारचा फेरीवालाच ओरडतो. महापालिकेच्या माणसाची वाट बघावी लागत नाही.

"असं कुठं झालंय का?" हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा परदेशाआधी घरची नावं घ्या. माथेरानला मोटारी आत जातच नाहीत, हे तिथं सहलीला गेलेल्या प्रत्येकानं बघितलंय. पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग गाड्यांना बंद ठेवला होता. लक्ष्मी रोड कसा असतो ते सांगलीकराला सांगायला नको, लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यातले कितीतरी जण तिथं जातात. दिल्लीत चांदनी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या साधारण तेराशे मीटरच्या पट्ट्यात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी आहे. हीही पाळीच झाली. मालाची वेळ रात्रीची.

आणि बाहेरचं एकच उदाहरण द्यायचं तर कोपनहेगनचं द्या. तिथला स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये आधी तात्पुरता बंद केला. दुकानदारांची ओरड आपल्यासारखीच होती. १९६४ मध्ये तो कायमचा चालणाऱ्यांचा झाला. मात्र उलटं उदाहरणही लपवू नका. अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरानं १९६४ मध्ये मुख्य बाजाररस्ता पायी चालणाऱ्यांसाठी केला, पण पुढं वस्ती आणि दुकानं शहराबाहेर सरकली, रस्ता ओस पडला आणि २०१७ मध्ये तो पुन्हा गाड्यांना उघडावा लागला. आपल्या पेठांत वर माणसं राहतात आणि खाली बाजार भरलेला असतो, हा आपला फायदा आहे. ज्या रस्त्यावर आज माणूसच नाही, तो बंद करून तिथं माणूस येत नाही.

चौथं काम : कागद

वाहतुकीचा आदेश एक आणि रस्त्याच्या मालकाची परवानगी दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात.

वाहनांना मनाई करण्याचा आधार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालता येते. नवख्यांना सहसा ठाऊक नसलेली सवलत याच कलमात आहे : बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नसते, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की भागतं. म्हणून पहिला अर्ज तीस दिवसांच्या आतल्या प्रयोगाचाच करा. सांगलीला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं तुमची गाठ पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि रोजच्या कामासाठी वाहतूक शाखेशी पडणार. फलक लावण्याची तरतूद पुढच्या, ११६ व्या कलमात आहे. फलकाशिवाय दंड करता येत नाही, हे लक्षात ठेवा.

रस्ता महापालिकेचा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू. त्याचं कलम २०८ ठरावीक रस्त्यावर वाहतुकीला मनाई करण्याविषयी आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका १९९८ मध्ये झाली तेव्हापासून आपल्याला हाच कायदा आहे. तुम्ही विटा, तासगाव किंवा ईश्वरपूरचे (पूर्वीचं इस्लामपूर) असाल तर नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा बघा आणि मुख्याधिकाऱ्यांना भेटा.

अर्ज एक पानाचा असावा. रस्त्याचं नाव आणि कुठून कुठपर्यंत, तारखा, वेळा, पर्यायी मार्ग, गाड्या कुठं लावायच्या, माल कधी उतरवायचा, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनची वाट. सोबत तो हातानं काढलेला नकाशा, मोजणीचा तक्ता आणि सह्या. अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे, प्रती वाहतूक शाखा, अग्निशमन विभाग, महावितरण आणि फेरीवाला समितीला. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं गोड बोलून ठेवून घेतलेला माझा एक अर्ज पुढं कोणालाच सापडला नाही. एका कार्यालयातली गोष्ट आहे, पण कुठल्याही कार्यालयात घडू शकते. महिना-दीड महिना हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून आपला कागद कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा. भांडायच्या सुरात विचारू नका. पुष्कळदा त्या अर्जानंच टेबल हलतं.

पाचवं काम : प्रयोगाचे दिवस

महिना जपून निवडा. दिवाळीच्या गर्दीत प्रयोग केला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि कमाईचे दिवस दुकानदार तुमच्या हातात देणारही नाहीत. पावसाळा सोडा. एप्रिल-मेच्या उन्हात पाच वाजताही पेव्हर ब्लॉक तापलेले असतात. पौषात तर अजिबात नको. लग्नकार्यं नसतात, धंदा तसाही थंड असतो आणि त्याचं सगळं खापर तुमच्या बॅरिकेडवर फुटेल. मार्गशीर्ष किंवा माघ बरा. चार आठवडे, फक्त शनिवार-रविवार, संध्याकाळी पाच ते नऊ. सुरुवातीला एवढंच.

फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी मधोमध निदान साडेतीन-चार मीटरची पट्टी पूर्ण मोकळी ठेवा. तिथं खुर्ची नाही, रांगोळी चालेल, मंडपाचा खांब चालणार नाही. वरून जाणाऱ्या तारा आणि आडव्या पताकांची उंचीही बघून घ्या. बसायला मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणा आणि रांगेत मांडू नका. चार-चारच्या घोळक्यात ठेवा. लोक त्या उचलून आपल्याला हव्या तिथं नेतात. दोन शनिवार निरीक्षण करा की खुर्च्या शेवटी कुठं जाऊन थांबतात. बाकं पुढं कुठं बसवायची ते तिथंच कळतं. पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह यांची सोय पहिल्या दिवसापासून हवी. जवळच्या एखाद्या दुकानाचं किंवा कार्यालयाचं स्वच्छतागृह वापरू देतील का ते विचारा, नसेल तर फिरतं आणा.

स्टेज बांधू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्टेज आला की सत्कार आला, सत्कार आला की फ्लेक्स आले, मग डीजे, आणि वरच्या मजल्यावरची माणसं कायमची विरोधात. चार तास गाड्या नसलेल्या रस्त्यावर माणसांचा आवाज कसा असतो, बांगड्यांच्या दुकानातला काचेचा किणकिणाट कसा ऐकू येतो, तेच लोकांना ऐकू द्या.

गाड्या कुठं लावायच्या हे फक्त फलकावर लिहून भागत नाही. पहिले दोन शनिवार प्रत्येक तोंडाशी दोन स्वयंसेवक उभे करा, त्यांतली एक तरी बाई असू दे. त्यांनी रस्ता अडवायचा नाही, ते काम पोलिसांचं. त्यांनी हातानं दाखवायचं, "दादा, गाडी तिथं लावा, दोन मिनिटांचं चालणं आहे." वयस्कर माणसांसाठी एक ई-रिक्षा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालण्याच्या गतीनं फिरती ठेवता आली तर विरोधाचा एक मोठा मुद्दा जागीच संपतो. जवळच्या रिक्षा थांब्यावरच्या मंडळींनाही आधीच विश्वासात घ्या. थांबा तोंडाशी आला तर पिशव्या घेऊन बाहेर पडणारं गिऱ्हाईक त्यांचंच आहे.

आता ती बोळाची गोष्ट. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोन्ही टोकं चोख बंद केली, हवालदारसाहेब उभे, बॅरिकेडला झेंडूच्या माळा. पाच वाजून दहा मिनिटांनी रस्त्याच्या अगदी मधून एक बुलेट धडधडत आली. मागोमाग दोन स्कूटर. सगळे एकमेकांकडं बघतायत, ही आली कुठून? मध्ये एक बोळ होता, जेमतेम पाच फुटांचा, दोन्ही बाजूंना धुण्याच्या दोऱ्या. नकाशावर मी तो "किरकोळ" म्हणून काढलाच नव्हता. तासाभरात पूर्ण गावाला तो ठाऊक झाला. शेवटी शेजारच्या दुकानातून एक लाकडी बाक मागून आणला आणि तिथल्याच एका आजींना त्यावर बसवलं. बाकानं जे झालं नसतं ते आजींनी केलं. रात्री नऊपर्यंत एकही गाडी आली नाही.

सहावं काम : पुन्हा मोजा

त्याच जागी, त्याच पद्धतीनं, त्याच वाराला. समांतर रस्त्यावरही मोजा, कारण तिथले रहिवासी तक्रार करणारच आणि ती खरी असू शकते. दुकानदारांना गल्ल्यातली रक्कम विचारू नका, कोणी सांगत नाही. बिलांची संख्या विचारा, ती सांगतात. चार शनिवारांची संख्या आधीच्या चार शनिवारांशी ताडून बघा. कमी झाली असेल तर तसंच लिहा. कुठल्या प्रकारच्या दुकानांची कमी झाली ते बघितलं की वेळ बदलायची की टोक सरकवायचं ते कळतं.

कायमचं करायचं ठरलं तर

कायमच्या बंदीला राजपत्रातली अधिसूचना लागते, आणि बांधकामाचा खर्च आला की महासभेची मंजुरी आणि निविदाही आली. पण खर्चाआधी वर्षभर रंगानं आणि कुंड्यांनी काम भागवा. रंग खोडता येतो, काँक्रीट फोडावं लागतं.

फरशी निवडताना खडबडीत दगडी घडणीच्या मोहात पडू नका. फोटोत छान दिसते, पण व्हीलचेअरची चाकं, ढकलगाडी आणि आजींची काठी तिच्यात अडकते. रस्ता आणि फुटपाथ एकाच पातळीत आणताना दुकानाच्या पायऱ्यांपेक्षा रस्ता उंच होणार नाही याची काळजी घ्या. एरवीही दर डांबरीकरणाला आपले रस्ते वर चढतात आणि दुकानं खड्ड्यात जातात. गटाराची झाकणं उचलता येतील अशीच हवीत, फरशीखाली गाडलेली नकोत.

कारण हे सांगली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. पाणी चाळिशीच्या पुढं सरकायला लागलं की एका रात्रीत अख्खी पेठ माल हलवते. त्या रात्री प्रत्येक दुकानासमोर टेम्पो हवा असतो. त्यामुळं कुंड्या, बाकं, फुटकळ टपऱ्या तरंगून जाणार नाहीत अशा तरी हव्यात किंवा उचलून नेता येतील अशा तरी. आणि तोंडाशी रोवलेल्या लोखंडी खांबांपैकी मधले दोन काढता येणारे हवेत, कुलूप लावलेले. किल्ली एकट्या महापालिकेच्या कोठीत ठेवू नका. एक अग्निशमनकडं, एक पोलीस चौकीत आणि एक पेठेत चोवीस तास उघडं असणाऱ्या औषधाच्या दुकानात किंवा वरच राहणाऱ्या कोणाकडं. कोणाकडं आहे ते खांबाशेजारच्या फलकावर मोबाइल नंबरासकट लिहा.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी एकदा सगळी कुलपं उघडून बघा. वर्षभर हात न लागलेलं कुलूप गंजलेलं असतं. तेलाची बाटली आणि हातोडी सोबत न्या.